डोंगरकापणीची माती व्हाळात (ओढ्यात) उतरू नये यासाठी पावसाआधी बिल्डरकडे नेमके काय मागावे?

प्रश्न: सुपारीबाग (फोंडा तालुका, गोवा)

नमस्कार.

आमच्या वाड्याच्या (वस्तीच्या) वरच्या अंगाला जांभ्याचा सडा (खडकाळ पठार) आहे. त्याच्या उतारावर, भूरूपांतर झालेल्या (शेतीऐवजी बांधकामाला परवानगी मिळालेल्या) सुमारे एक हेक्टर जमिनीत, दिवाळीनंतर निवासी संकुलाचे काम सुरू झाले. पोकलेनने डोंगराची कड कापून तीन सपाट टप्पे केले आहेत आणि कापलेली माती खालच्या टोकाला, व्हाळाच्या अगदी काठावर ढीग करून ठेवली आहे. हा व्हाळ सड्याच्या पायथ्याच्या झरीपासून निघतो, वाड्यातील कुळागरांना (सुपारी-नारळाच्या बागांना) पाणी देतो आणि पुढे खांडेपार नदीला मिळतो. त्याच नदीवर ओपा येथे जलशुद्धीकरण प्रकल्प आहे आणि तिथले पाणी फोंडा व तिसवाडी तालुक्यांतील घरांत पोहोचते. त्यामुळे हा प्रश्न केवळ आमच्या वाड्यापुरता आहे असे मला वाटत नाही.

आमच्यापैकी काही जण साईटवरच्या सुपरवायझरांना भेटलो. ते सौजन्याने बोलले, परंतु त्यांचे म्हणणे असे की व्हाळाचा वरचा भाग शिगम्यानंतर कोरडा पडतो, म्हणजे तो व्हाळ नसून पावसाळी चर आहे, आणि पाऊस सुरू झाला की ते काठाने जाळी लावतील. डिचोली आणि सत्तरीच्या बाजूला खाणींच्या ढिगाऱ्यांची माती भातशेतात उतरल्यावर शेतकऱ्यांचे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे, म्हणून केवळ जाळीच्या भरवशावर राहण्याची आमची तयारी नाही.

आम्हाला बांधकाम बंद पाडायचे नाही. त्या घरांत उद्या आमचेच कोणी नातलग राहायला येतील. मात्र मार्च सुरू झाला आहे आणि हातात फार तर अडीच महिने आहेत. कोरड्या व्हाळाला कायद्याचे संरक्षण आहे का, बिल्डरकडे कोणकोणत्या गोष्टी ठामपणे मागाव्यात आणि त्या मे महिन्यापूर्वी झाल्या नाहीत तर कोणाकडे जावे, याविषयी जाणकारांनी लिहावे ही विनंती.


उत्तर: साईट अभियंता, मडगाव

आपण पावसाच्या आधी विचारले हे फार चांगले झाले. या बाबतीत जे काही करता येते त्यातले बहुतेक पाऊस पडण्यापूर्वीच करावे लागते.

बांधकामामुळे होणारे प्रदूषण म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर तेल आणि रसायने येतात. तीही असतात, पण व्हाळाचे सर्वांत मोठे नुकसान साध्या मातीने होते. झाडोरा आणि पाचोळा गेल्यावर जमिनीवर पावसाचा थेंब सरळ आदळतो, मातीचे कण सुटे करतो आणि उतारावरून धावणारे पाणी ते उचलून नेते. एक हेक्टर उघड्या जमिनीवरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला, तरी ती माती १० घनमीटर भरते, म्हणजे साधारण १५ टन. एक मिलिमीटर थर गेलेला डोळ्यांना दिसतही नाही, आणि गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. ही माती व्हाळाच्या तळाशी बसली की गोट्यांमधल्या फटी बुजतात. पहिल्या पावसात चढणीचे मासे वर येतात, त्यांची अंडी गाळाखाली गुदमरतात, आणि ज्या किड्यांवर पिल्ले जगतात त्यांनाही आसरा उरत नाही.

आता सुपरवायझरांच्या जाळीबद्दल. मातीचे सगळे कण सारख्या वेगाने खाली बसत नाहीत. बारीक वाळूचा कण, समजा ०.१ मिलिमीटरचा, स्थिर पाण्यात एक मीटर खोल जायला दोन-तीन मिनिटे घेतो. ०.०१ मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला त्याच अंतरासाठी तीन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि एक मायक्रॉनच्या (०.००१ मिलिमीटरच्या) चिकणमातीच्या कणाला दहा दिवसांहून अधिक. आपल्याकडे जांभ्याचा कठीण थर फोडला की खाली मऊ, गुलाबी-पांढरी चिकणमाती लागते, आणि तिच्यात या अतिबारीक कणांचेच प्रमाण मोठे असते. ती एकदा पाण्यात मिसळली की काठावरची कोणतीही जाळी तिला अडवू शकत नाही. म्हणून आपल्या मागणीचा सगळा भर माती जागेवरून सुटूच नये यावर हवा. सुटलेली माती पकडण्याची व्यवस्था त्यानंतर येते.

यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे सड्यावरून येणारे स्वच्छ पाणी साईटमध्ये शिरू न देणे. कापलेल्या कडेच्या वर, कडेपासून थोडे अंतर सोडून, आडवा चर काढावा आणि ते पाणी दोन्ही बाजूंनी वळवून साईटच्या बाहेरून व्हाळात सोडावे. जिथे ते उतरते तिथे दगड रचावेत, नाहीतर तोच उतार धुपेल. चर नसेल तर वरच्या सगळ्या डोंगराचे पाणी तुमच्या तीन टप्प्यांवरून धावेल, आणि मग खाली केलेला कोणताही उपाय टिकणार नाही.

काठावरचा ढीग तिथून हलवलाच पाहिजे. यावर तडजोड करू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या बांधकाम परवान्यात पाण्याच्या काठाला ५० फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर, नैसर्गिक झाडीचा पट्टा राखण्याची किंवा तितकाच परिणामकारक पर्याय देण्याची अट असते. आपल्या मुसळधार पावसात तेवढे अंतर किमान समजावे. ढीग सर्वांत वरच्या सपाट टप्प्यावर न्यावा, त्यावर ताडपत्री घट्ट बांधावी आणि पायथ्याला सगळीकडून बांध घालावा. काठाची झाडी जिथे अजून शिल्लक आहे तिथे दोरी लावून यंत्रांना बंदी करावी, कारण पोकलेन एकदा फिरला की तिथली मुळे आणि भुसभुशीत माती दोन्ही जातात.

ज्या भागात महिनाभर काम होणार नाही तो भाग उघडा ठेवू नये. भाताचा पेंढा जाड पसरला तरी थेंबाचा मारा बराच कमी होतो. तीव्र उतारावर काथ्याची जाळी खुंट्यांनी ठोकून तिच्याखाली गवताचे बी टाकावे आणि टप्प्यांच्या कडेला वाळ्याची रोपे ओळीने लावावीत. वाळ्याची मुळे सरळ खोल जातात आणि रोपांची दाट ओळ गाळ अडवते. मात्र रोपे जून उजाडल्यावर लावून उपयोग नाही, एप्रिलमध्ये लावून महिनाभर पाणी द्यावे लागते.

साईटच्या फाटकाशी मोठ्या खडीचा निदान १५ मीटर लांबीचा पट्टा मागावा, म्हणजे टिपरच्या चाकांची माती तिथेच गळेल. रस्त्यावरची माती गटारात जाते आणि गटार व्हाळातच उतरते. पायाच्या खड्ड्यात साचलेले गढूळ पाणी पंपाने थेट व्हाळात सोडण्याची सवय तर सर्वत्र आहे. ते पाणी आधी निवळणीच्या खड्ड्यातच, म्हणजे गाळ खाली बसू देणाऱ्या खड्ड्यातच, गेले पाहिजे.

शेवटी तारीख. मोठे मातीकाम १५ मेपासून थांबेल असे लिहून घ्या. वळीव त्याआधीही कोसळतो, आणि २०२५ साली मोसमी पाऊसच मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात गोव्यात पोहोचला होता.


उत्तर: कायद्याचा वाचक, पणजी

कोरड्या व्हाळाबद्दलचे सुपरवायझरांचे म्हणणे कायद्यात बसत नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ मध्ये प्रवाहाची जी व्याख्या आहे तिच्यात नदी, भूजल आणि भरतीचे पाणी यांच्याबरोबर जलमार्गही येतो, मग तो वाहता असो वा तूर्त कोरडा असो. त्याच अधिनियमाच्या कलम २४ नुसार प्रदूषक द्रव्य जाणूनबुजून प्रवाहात जाऊ देण्यास मनाई आहे, आणि प्रवाहाला अडथळा होऊन प्रदूषण बरेच वाढेल असा कोणताही पदार्थ त्यात जाऊ देण्यासही मनाई आहे. काठावरची माती पावसात खाली येणार हे बिल्डरला आता लेखी कळवले, तर उद्या त्याला अजाणतेपणाचा बचाव घेता येणार नाही. म्हणून तोंडी भेटीनंतर एक साधे, सभ्य पत्र द्या आणि त्याची पोच घ्या.

जमिनीपुरते पाहिले तर दोन कागद आधी मिळवावेत. पहिला सर्व्हे प्लॅन, कारण त्यावर व्हाळ दाखवलेला असेल तर वाद तिथेच मिटतो. दुसरा भूरूपांतराची सनद आणि तिच्या अटी. याखेरीज गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७अ खाली डोंगराळ जमीन कापण्यासाठी आणि सखल जमीन भरण्यासाठी मुख्य नगर नियोजकांची लेखी पूर्वपरवानगी लागते. ती घेतली आहे का आणि तिच्यात पाण्याच्या निचऱ्याबद्दल काय लिहिले आहे, हे माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येते. कागद पंचायतीत उपलब्ध असतील तर तिथेच पाहणे अधिक लवकर होईल.

पर्यावरण मंजुरीबद्दल अनेकांचा गैरसमज असतो. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना ती मंजुरी लागते. तुमचा प्रकल्प त्याखाली असेल तर मंजुरीचा मुद्दा उपस्थित करून उपयोग नाही. परंतु जल अधिनियम लहान-मोठ्या सर्वांना लागू आहे, अगदी एका बंगल्यालाही.

तक्रार गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करावी आणि तिची प्रत जलस्रोत खाते, नगर नियोजन खाते व पंचायतीला द्यावी. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही कळवावे. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत व्हाळाची आणि झरीची नोंद असेल तर ती जोडावी. नसेल तर ती आताच करून घ्यावी.

पुराव्याबद्दल एक सावधगिरी सांगतो. तुम्ही स्वतः बाटलीत भरलेले गढूळ पाणी लोकांना पटवून द्यायला उपयोगी आहे, पण न्यायालयात त्याला फारसे मोल नाही, कारण कायदेशीर नमुना कसा घ्यायचा याची पद्धत अधिनियमाच्या कलम २१ मध्ये ठरवून दिली आहे आणि तो मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो. म्हणून पाणी गढूळ दिसताच मंडळाला त्याच तासाला कळवावे. दुपारपर्यंत पाणी निवळले तर अधिकारी येऊनही हाती काही लागत नाही. तारीख-वेळ दाखवणारी छायाचित्रे ठरावीक दोन-तीन जागांवरूनच, आतापासून नियमित घेत राहा, म्हणजे पावसाआधीची आणि पावसानंतरची स्थिती शेजारी ठेवून दाखवता येईल.

सगळे उपाय थकले तर राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. कलम १४ खालील अर्ज वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, हे ध्यानात असू द्यावे. माझे मत असे आहे की बिल्डरशी बोलणी चालू ठेवूनच मंडळाकडचा अर्ज आजच द्यावा. खात्यांची पाहणी व्हायला वेळ लागतो, आणि एप्रिल उलटल्यावर दिलेल्या अर्जाची पाहणी बहुधा भर पावसात होते.


उत्तर: खाजनवाला, तिसवाडी

आपल्या व्हाळाच्या खाली खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन) नसले तरी इतर वाचकांसाठी लिहितो. आमच्या बाजूला टेकडीवरच्या बांधकामांची माती ओहोळातून थेट खाजनात येते आणि मानशीच्या (बांधातल्या पाणदाराच्या) आतल्या पोयीत, म्हणजे पाणी साठण्याच्या खोलगट जागेत, बसते. मानशीची दारे ओहोटीला उघडून पावसाचे पाणी बाहेर सोडतात आणि भरतीला मिटून खारे पाणी अडवतात. पोय गाळाने भरली की भरतीच्या वेळी आत साठणाऱ्या पावसाच्या पाण्याला जागा उरत नाही आणि ते शेतात चढते. दाराच्या उंबऱ्यावर गाळ बसला तर दार पुरते मिटत नाही आणि खारे पाणी आत शिरते. एकदा शेतात खार गेला की ती जमीन पुन्हा गोडी व्हायला पावसाळे जावे लागतात. जिथे व्हाळ खाजनाला मिळतो तिथल्या गावांनी सागरी नियमन क्षेत्राच्या नकाशात खाजन दाखवले आहे की नाही हे अवश्य पाहावे.


सुपारीबाग (फोंडा तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. या रविवारी पंच आणि आम्ही काही जण बिल्डरच्या अभियंत्यांना भेटलो आणि पत्र देऊन पोच घेतली. सर्व्हे प्लॅनवर व्हाळ स्पष्ट दाखवलेला निघाला, त्यामुळे ‘व्हाळ नसून पावसाळी चर आहे’ हा मुद्दा त्यांनी सोडून दिला. ढीग हलवायला ते तयार आहेत आणि वरच्या अंगाचा आडवा चरही काढून देणार आहेत.

परंतु खालच्या बाजूला ते ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २ मीटर खोल असा एकच निवळणीचा खड्डा खोदणार आहेत आणि व्हाळाच्या काठाने हिरवी जाळी लावणार आहेत. हे पुरेल का? शिवाय पावसात काँक्रीटचे काम सुरूच राहील असे त्यांनी सांगितले. मिक्सरच्या गाड्या धुतलेले पाणी कुठे जाणार, याचे उत्तर आम्हाला मिळाले नाही.


साईट अभियंता, मडगाव

पुरणार नाही, आणि का ते आकड्यांनीच त्यांच्यासमोर मांडा. दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस ही आपल्याकडे जुलैत नवलाची गोष्ट नाही; हवामान खाते ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला केवळ ‘जोरदार’ म्हणते, त्याच्या वरच्या श्रेणी निराळ्या आहेत. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर म्हणजे १००० घनमीटर पाणी. त्यातले ६० टक्के वाहून आले असे धरले तरी ६०० घनमीटर होते. त्यांचा खड्डा १८ घनमीटरचा आहे. तासाला ४० मिलिमीटरची एक सर आली तर तो पाच मिनिटांच्या आत भरेल, आणि पुढचे सगळे पाणी खड्ड्यात आधी बसलेला गाळही ढवळून सोबत नेईल.

वर उल्लेखलेल्या अमेरिकी परवान्यातील एका मोजमापाप्रमाणे दर एकराला ३६०० घनफूट साठवण लागते, म्हणजे हेक्टरी सुमारे २५० घनमीटर. आपला पाऊस पाहता मी एवढे तरी मागेनच, तेही वरचा चर आणि जमिनीवरचे आच्छादन झाले आहे असे धरून. एकच मोठा खड्डा काढायला जागा नसेल तर प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक असे तीन खड्डे करावेत. खड्डा चौकोनी नको, लांबट हवा, लांबी रुंदीच्या निदान दुप्पट. पाणी एका टोकाने शिरावे आणि दुसऱ्या टोकाने वरच्या थरातूनच बाहेर पडावे, तळाला पाईप टाकू नये. मध्ये काथ्याच्या जाळीचे दोन-तीन आडवे पडदे उभे केले की पाण्याचा वेग मोडतो. खड्डा गाळाने अर्धा भरला की उपसायचा. ही खूण दिसावी म्हणून आत एक रंगवलेला खांब रोवून घ्या, म्हणजे पाहणाऱ्याला मोजत बसावे लागणार नाही.

हिरवी जाळी रोपवाटिकेत सावलीसाठी वापरतात. तिच्या भोकांतून गाळ सरळ पार होतो. गाळ अडवायला जिओटेक्स्टाईल कापड (पाणी झिरपू देणारे, माती अडवणारे घट्ट कापड) लागते. त्याची खालची कड १५ सेंटिमीटर खोल चरात पुरून माती दाबलेली असावी लागते, नाहीतर पाणी खालून वाट काढते. कुंपण उताराला आडवे, एकाच पातळीवर असावे आणि दोन्ही टोके वरच्या बाजूला वळवलेली असावीत. साधारण ३० मीटर कुंपणामागे ०.१ हेक्टरहून अधिक उतार नसावा. आणि हे कापड व्हाळाच्या पात्रात आडवे कधीही लावू देऊ नका. पहिल्या लोंढ्यात ते फाटते किंवा पाणी काठ फोडून बाजूच्या बागेत शिरते.

काही जण निवळणीच्या खड्ड्यात तुरटी टाकण्याचा उपाय सुचवतात. जलशुद्धीकरण केंद्रात ती मोजून, पाण्याची आम्लता तपासत टाकली जाते. साईटवर अंदाजाने टाकलेल्या तुरटीमुळे पाणी आम्लधर्मी होते आणि त्यात विरघळलेले ॲल्युमिनियम माशांना घातक ठरते. प्रशिक्षित माणूस आणि रोजची तपासणी नसेल तर तुरटीला संमती देऊ नये.

पणजीच्या मित्रांशी एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. समोरचा पक्ष ढीग हलवायला तयार झाला असताना मंडळाकडे अर्ज गेला, तर साईटवरचे लोक पुढची प्रत्येक गोष्ट वकिलाला विचारून करू लागतात आणि त्यात एप्रिल निघून जातो. मी आधी उपायांचा नकाशा आणि तारखा लिहून त्यावर सही घेईन. ठरलेली पहिली तारीख चुकली तर मात्र त्याच दिवशी अर्ज द्यावा.


निवृत्त रसायनज्ञ, पाणीपुरवठा

काँक्रीटच्या धुतलेल्या पाण्याचा प्रश्न आपण विचारला हे बरे झाले, कारण ते पाणी पुष्कळदा फारसे गढूळ दिसत नाही आणि म्हणून दुर्लक्षित राहते. सिमेंटमधल्या चुन्यामुळे त्याचा पीएच (आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) १२ किंवा त्याहून वर जातो. पीएचची मोजपट्टी दर पायरीला दहापटीने चढते, त्यामुळे शुद्ध पाण्याचा ७ आणि या पाण्याचा १२ यांत पाचाचा नव्हे, एक लाख पटींचा फरक असतो. असे पाणी माशांचे कल्ले जाळते. उन्हाळ्याच्या शेवटी डबक्यात चार बोटे पाणी असताना मिक्सरची एक गाडी धुतली तरी त्या डबक्यातले जीव मरतात. केंद्र शासनाच्या पर्यावरण नियमांनुसार भूपृष्ठावरच्या पाण्यात सोडायच्या सांडपाण्याचा पीएच ५.५ ते ९.० च्या दरम्यान, तरंगते घन पदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत आणि तेल व ग्रीस १० मिलिग्रॅमपर्यंत असावे लागते. धुतलेले पाणी यात बसणे शक्यच नाही.

मागणी सोपी आहे. व्हाळापासून शक्य तितके दूर, जाड प्लास्टिक अंथरलेला आणि वर छप्पर असलेला खड्डा करावा आणि गाड्या, पंपाचे पाईप, घमेली सगळे तिथेच धुवावे. त्यातले पाणी पुन्हा धुण्यासाठीच वापरावे आणि घट्ट झालेला थर फोडून बांधकामाच्या कचऱ्याबरोबर द्यावा. त्याहून बरे म्हणजे रेडीमिक्सच्या गाड्यांनी आपल्या प्लांटवर जाऊनच धुलाई करावी. पीएच तपासायच्या कागदी पट्ट्या प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात स्वस्तात मिळतात. त्या गावकऱ्यांनी जवळ ठेवाव्यात आणि बिल्डरलाही वापरायला सांगाव्यात. लाद्यांना पॉलिश करताना निघणारा पांढरा राडा आणि रंगकामाचे ब्रश धुतलेले पाणी याच खड्ड्याच्या वाटेने न्यावे.

वाळवीच्या औषधाकडे जवळपास कोणीच पाहत नाही, म्हणून त्याबद्दल आग्रहाने लिहितो. पायाच्या मातीत वाळवीविरोधी औषध ओततात आणि त्यासाठी क्लोरपायरिफॉससारखी कीटकनाशके वापरली जातात. मासे, झिंगे आणि पाण्यातले किडे यांना ती अत्यल्प प्रमाणातही मारक असतात. भारतीय मानक आयएस ६३१३ मध्येच म्हटले आहे की पाऊस पडत असताना किंवा माती ओली असताना हे काम करू नये. तेव्हा हे काम कोणत्या महिन्यात होणार ते विचारा, आणि त्याचे रिकामे डबे कोण परत नेणार तेही लिहून घ्या. व्हाळावर ते धुतलेले मी पाहिले आहेत.

डिझेलची पिंपे उघड्या मातीवर ठेवू नयेत. त्यांच्याभोवती सिमेंटची वाफ्यासारखी कड बांधून वर छप्पर घालावे. त्या कडेत सर्वांत मोठ्या पिंपाच्या क्षमतेहून दहा टक्के अधिक द्रव मावला पाहिजे. कामगारांच्या वसाहतीची सोय हाही पाण्याचाच विषय आहे. बांधकाम कामगारांविषयीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्यात पुरेशी शौचालये पुरवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. ती नसली की त्या कुटुंबांना व्हाळाशिवाय जागा उरत नाही. त्यात दोष त्या कुटुंबांचा नाही, शौचालये न देणाऱ्याचा आहे.

ओपाचा उल्लेख आपण केला आहे. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, गढूळपणाची इष्ट मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजण्याचे एकक) आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ५ एनटीयूपर्यंत चालते. नदीचे पाणी जितके गढूळ येते तितकी तुरटी वाढते, गाळण्या लवकर तुंबतात, आणि बारीक कणांच्या आड जंतू क्लोरिनपासून बचावतात. एका साईटमुळे नदी बिघडत नाही. पण पाणलोटात अशा साईटी अनेक असतात आणि प्रत्येक जण आपल्या वाट्याचा गाळ किरकोळ समजतो.

तपासणी करताना दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एक साईटच्या वर आणि एक खाली, एकाच वेळी भरा आणि पांढऱ्या कागदासमोर धरून छायाचित्र काढा. पावसाळ्यात व्हाळ आपसूकही थोडा गढूळ होतो, म्हणून वरच्या बाटलीशिवाय खालच्या बाटलीला काही अर्थ नाही.


कायद्याचा वाचक, पणजी

अभियंत्यांचा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. मंडळाकडे तक्रारीऐवजी केवळ माहितीपत्र द्यावे: अमुक ठिकाणी काम चालू आहे, खाली व्हाळ आहे, बिल्डरने अमुक उपाय अमुक तारखांना करण्याचे मान्य केले आहे. त्यात आरोप नसल्याने बोलणी बिघडणार नाहीत आणि आपली नोंद एप्रिलपूर्वीची राहील. तारीख चुकली की त्याच पत्राचा हवाला देऊन तक्रार करता येईल.


सुपारीबाग (फोंडा तालुका)

दोन्ही सूचना एकत्र करून पत्राचा मसुदा तयार केला आहे. नकाशावर वरचा चर, तीन खड्डे, धुलाईची जागा, डिझेलची जागा आणि मातीच्या ढिगाची नवी जागा दाखवली आहे. ढिगासाठी ३१ मार्च, खड्ड्यांसाठी ३० एप्रिल आणि मातीकाम थांबवण्यासाठी १५ मे अशा तारखा टाकल्या आहेत. वाळवीच्या औषधाबद्दल विचारले असता ते काम मेच्या पहिल्या आठवड्यात ठरले होते असे समजले. आम्ही ते एप्रिलच्या मध्यापूर्वी उरकण्याची आणि डबे पुरवठादाराने परत नेण्याची अट घातली आहे.

एकच शंका उरली आहे. खड्ड्यांतून उपसलेला गाळ भर पावसात कुठे ठेवायचा? आणि खड्डे रोज कोणी पाहायचे?


साईट अभियंता, मडगाव

उपसलेला गाळ पुन्हा व्हाळाच्या बाजूला टाकला तर सगळे केलेले व्यर्थ जाईल, म्हणून त्याची जागाही आताच नकाशावर दाखवा. मधल्या टप्प्याच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या कडेशी, तीन बाजूंनी जांभ्याचे चिरे रचून एक हौदा करावा आणि त्याचे निथळणारे पाणी पहिल्या खड्ड्याकडे वळवावे. गाळ तिथे ताडपत्रीखाली ठेवून पाऊस ओसरल्यावर बागेच्या भरावासाठी वापरता येतो.

पाहणीसाठी बिल्डरने एका माणसाचे नाव आणि फोन लिहून द्यावा. त्याने आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर त्याच दिवशी चर, खड्डे आणि कुंपण पाहून वहीत नोंद करावी, आणि वही फाटकावरच ठेवावी म्हणजे पंचांना केव्हाही पाहता येईल. गावाच्या बाजूने व्हाळाजवळ राहणाऱ्या दोन घरांनी ही जबाबदारी वाटून घ्यावी. वरच्या आडव्या चरात जूनमध्ये पाचोळा आणि मोडलेल्या फांद्या अडकतात आणि तो एका रात्रीत तुंबतो, म्हणून खड्ड्यांच्याही आधी तो पाहायला सांगा.